किरणाचा मध्य

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

आज पाण्याची टाकी भरली. किरण मोजताना रोग्याच्या शरीराच्या जागी पाणी असतं. रविवारी मशीन मोकळी असते, म्हणून मोजमापाची कामं रविवारीच. तळमजल्यावर वॉचमनशिवाय कुणी नव्हतं. मशीनच्या खोलीच्या भिंती इतक्या जाड काँक्रीटच्या आहेत की आत फोनला रेंज येत नाही. मुंबईत हे काम आम्ही चौघं मिळून करायचो. एकाने टाकी भरायची, एकाने आकडे घ्यायचे, उरलेल्या दोघांनी चहा कुठून मागवायचा यावर वाद घालायचा. इथे या हॉस्पिटलात किरणांचं माप बघणारी फिजिसिस्ट मी एकटीच. चहाचा वाद नाही, चहाही नाही.

काम असं आहे. आजवर इथे मोठ्या गाठींवर रुंद किरण दिले गेले. आता डॉ. फैझान मुकादम यांना डोक्यातल्या लहान गाठींवर उपचार सुरू करायचे आहेत. त्यासाठी किरण हवा आठ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे शर्टाच्या बटणाहून लहान. नेहमीच्या रुंद किरणाच्या मानाने या बारीक किरणातून किती पट मात्रा पडते, तो आकडा मी मोजायचा आणि प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरला द्यायचा. तो खऱ्यापेक्षा कमी दिला, तर किरण दुबळा आहे असं धरून कॉम्प्युटर मशीन जास्त वेळ चालवतो आणि रोग्याला जास्त बसतं. जास्त दिला, तर गाठ अर्धी जिवंत राहते.

पण मोजायचं कशाने? माझ्याकडे तीन डिटेक्टर आहेत: आयन चेंबर, डायोड आणि फिल्म. चेंबर आमच्या धंद्यातला जुना विश्वासू गडी. मात्र त्याला आकारमान आहे. तो जेवढ्या जागेत बसतो तेवढ्या जागेची सरासरी सांगतो. रुंद किरणात सगळीकडे सारखंच असतं, तिथे प्रश्न नाही. बटणाएवढ्या किरणात मात्र मधला प्रखर भाग आणि कडेचा विझत जाणारा भाग एकत्र करून तो कमीच आकडा देतो. आज त्याने ०.६१ दिला. कमी आहे हे मला माहीत आहे. किती कमी, ते माहीत नाही. या चेंबरच्या आकड्यात किती दुरुस्ती करायची याचा तक्ता एक सेंटिमीटरच्या किरणाला संपतो, त्याखाली तो वापरूच नये असं पुस्तक सांगतं.

घरी येऊन चहा-बिस्किटं. खानावळीचा डबा उघडला नाही.


मंगळवार, १२ नोव्हेंबर

शरीफाभाभी आज पुन्हा आल्या. त्यांची तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, तरी आल्या. मांडवीत माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर राहतात, बायकांचे कपडे शिवतात. घरवाले कुवेतला, मुलगी मनाल महाडला दिलेली. लहानपणी गोवर आला तेव्हापासून उजवा डोळा अधू. सगळी शिलाई डाव्या डोळ्यावर. आणि गाठ नेमकी डाव्या डोळ्याच्या नसेला टेकून आहे. कॅन्सर नाही, पण वाढली तर नस दाबणार. शस्त्रक्रियेने काढायला गेलं तर नस दुखावणार. बारीक किरणाच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच.

"माझा शेक कधी गो बाय?" कॉरिडॉरमध्येच गाठून विचारलं.

"मोजमाप चाललंय, भाभी."

"इतका काय मोजतेस? मी आख्खी नवरी उभ्या उभ्या मोजते."

मशीन चालवणारी दिशा मागे उभी होती, ती खुदकन हसली. भाभींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि हा कुर्ता कसला? गोणपाट बरा. तुझा एक अंगाला बसणारा जुना आणून दे. नमुन्यावर शिवते. टेप लावायला तू घरात गावतेस कुठं?"

नको म्हटलं तर ऐकेनात. संध्याकाळी आकाशी कुर्ता नेऊन दिला. आई होती तेव्हा दादरला शिवलेला. ती म्हणाली होती, हा तुला अगदी बरोबर बसलाय, पुढचे सगळे याच मापाचे शिव. पुढचे शिवलेच नाहीत.

लोक काळजी वाटली की हॉस्पिटलात विनाकारण फेऱ्या मारतात. भाभींचं तसंच चाललेलं दिसतंय.


गुरुवार, १४ नोव्हेंबर

डॉ. मुकादम खोलीत येऊन बसले. दापोलीकडचे आहेत, वयाने माझ्याहून बरेच लहान, आणि खुर्चीत नीट टेकून कधी बसत नाहीत.

"मॅडम, त्यांना मुंबईला पाठवावं का? खरं सांगा."

"त्या जातील?"

"विचारलं. म्हणाल्या, मुंबैला माझा कोण हाय? तिथं रस्ता क्रॉस करताना मेले तर गाठीचा काय उपयोग?" ते हसले, मग गंभीर झाले. "नसेला किती चालेल ते तुम्हाला ठाऊक आहे. आपण त्या मर्यादेच्या अगदी काठाशी जाणार आहोत. त्याशिवाय गाठीला पुरेसं मिळत नाही. पाच-सात टक्के इकडे तिकडे झालं तर..."

"झालं तर तो डोळा जाईल."

"आणि दुसरा नाहीच," ते म्हणाले.

ते गेल्यावर बराच वेळ आकड्यांकडे बघत बसले. या शहरात हा आकडा बरोबर की चूक हे सांगू शकेल असं दुसरं माणूस नाही. मुंबईतल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावावा असं वाटलं. पण काय विचारणार? अजून अर्धंच काम झालंय.


रविवार, १७ नोव्हेंबर

डायोडचा दिवस. डायोडची मोजणारी जागा मोहरीपेक्षा लहान, त्यामुळे चेंबरसारखी सरासरीची भानगड नाही. त्याचा दोष उलटा. सिलिकॉन पाण्याहून जड, म्हणून बारीक किरणात तो थोडा जास्त सांगतो. पण किती जास्त, याचा तक्ता आहे. तीनेक टक्के कापले की झालं.

सकाळी टाकीने त्रास दिला. डिटेक्टर पाण्यात पुढे-मागे आणि आडवा सरकवायला मोटरी आहेत. त्यातली आडवी सरकवणारी हललीच नाही. केबल सोडवून पाहिली तर टोकाच्या पिनांवर हिरवा गंज. इथली खारी हवा. नवीन केबल कंपनीकडून यायला आठवडे जातील. म्हणून भिंतींवरच्या लेसरच्या लाल रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे हाताने डायोड नेमका बसवला. रोजच्या रोग्यांनाही आपण त्याच रेषांवर झोपवतो.

दुरुस्ती धरून आकडा आला ०.६२.

चेंबर ०.६१, डायोड ०.६२. दोन वेगळ्या जातीचे, वेगळ्या स्वभावाचे डिटेक्टर, आणि एकाच जागी आले. म्हणजे चेंबर मला भीती होती त्यापेक्षा पुष्कळच कमी चुकला होता. खुर्चीत बसून हसले. मग लक्षात आलं की कुणाला सांगायचं तर खोलीबाहेर येऊन, जिना चढून, रेंजमध्ये जावं लागेल. वर गेले. फोन हातात घेतला, नावं खालीवर केली आणि पुन्हा पर्समध्ये ठेवला. आईला सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, म्हणजे चांगलं झालं ना? बास, एवढंच.


सोमवार, १८ नोव्हेंबर

०.६२ कॉम्प्युटरला दिला. सही केली. डॉक्टर खूश. दोन डिसेंबरला भाभींच्या उपचाराची पहिली बैठक, एकूण पाच.


बुधवार, २० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. माझं नाव अजून मुंबईच्या यादीत आहे, तिथे जायचं मनात आलं नाही. मशीन मोकळी होती म्हणून फिल्म करून टाकली. पद्धतीप्रमाणे तिसरा पुरावा असलेला बरा. फिल्मचं एक बरं असतं. ती पातळ कागदासारखी, किरण पडला तिथे काळी-निळी होते आणि सगळं चित्रच दाखवते. वाईट हे की ती नाजूक. दमट हवेत कडा फुगतात, स्कॅनर थोडा गरम-थंड झाला तरी आकडा हलतो. म्हणून साक्षीदार म्हणून मी तिला कायम तिसऱ्या रांगेत बसवते.

वॉचमन भागोजी बोटाची शाई दाखवत म्हणाला, "मॅडम, तुमचा राहिला काय?" म्हटलं, राहिला. तो म्हणाला, "मग इकडचा कार्ड करून घ्या ना. आता हितंच राहणार ना तुम्ही?" मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही.


गुरुवार, २१ नोव्हेंबर

फिल्मने ०.६७ दिला.

पुन्हा स्कॅन केली. ०.६७. ठिपक्याभोवतीचा तुकडा कापून स्कॅन केला, ०.६६. पाकीट पावसाळ्याच्या आधी उघडलेलं होतं, कडा जराशा वळल्यात. दोघं एका बाजूला, फिल्म एकटी. फिल्मलाच दमटपणा बाधला असणार.

संध्याकाळी शरीफाभाभींनी कुर्ता पाठवला. गर्द हिरवा, गळ्याला नाजूक टाके. सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी. आकाशी नमुनाही परत. कुर्ता घालून आरशासमोर उभी राहिले आणि चरकले. खांदे खाली ओघळलेले, बगलेत मूठभर कापड जास्त. शिवाय बाजूच्या शिवणीत दोन टाचण्या तशाच राहिलेल्या. एवढी जुनी, हातखंडा बाई, आणि नमुना समोर असताना एवढी चूक.

नजर उतरत चाललीय. दुसरं कारण दिसत नाही. भाकऱ्या सकाळी भागोजीला देईन.


शुक्रवार, २२ नोव्हेंबर

डॉक्टरांना कुर्त्याचं सांगितलं. आधी हसले, मग हसू मावळलं. "मॅडम, मग दोन तारखेपर्यंत थांबायला नको. मंगळवारीच घेऊ, सव्वीसला. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजर तपासून घेतो."

भाभी कॉरिडॉरमध्ये भेटल्या. "कुर्ता घातलास?"

"छान झालाय, भाभी."

"घालून दाखव ना मग. टाचण्या ठेवल्यात तशाच."

"दाखवते."

दाखवणार नाही. त्यांना आत्ता कशाला कळायला हवं?


रविवार, २४ नोव्हेंबर

झोपेत फिल्म येत होती. सव्वीसच्या आधी एकदा फिल्मचं खोटं सिद्ध करून टाकावं म्हणून सकाळीच गेले. नवीन सीलबंद पाकीट फोडलं. या वेळी फिल्म ठेवून झाल्यावर लेसरच्या लाल रेषांवर चार बाजूंना टाचणीने भोकं पाडली, म्हणजे स्कॅन करताना फिल्म वाकडी झाली तर कळेल. टाचण्या भाभींच्याच. हिरव्या कुर्त्यातून काढून पर्समध्ये टाकल्या होत्या.

किरण दिला. आत जाऊन फिल्म उचलली आणि दिव्यासमोर धरली. स्कॅनरची गरजच पडली नाही. चार भोकांमधून मनातल्या मनात दोन रेषा ओढल्या तर त्या जिथे छेदतात तिथे काळ्या ठिपक्याचा मध्य नव्हता. ठिपका एका बाजूला सरकलेला. दीड-पावणेदोन मिलिमीटर.

फिल्म फिरवून पुन्हा दिव्यासमोर धरली.

किरण जागच्या जागीच होता, मी आणखी दोन तऱ्हांनी पाहिलं. सरकल्या होत्या त्या लेसरच्या रेषा. गणपतीनंतर खोलीला रंग दिला तेव्हा डावीकडच्या लेसरची पट्टी सैल झाली असणार. दोन मिलिमीटरपर्यंत नियम चालवून घेतो, आणि रोजच्या रुंद किरणात तेवढ्याने काही बिघडत नाही. शिवाय प्रत्येक रोग्याची जागा आम्ही एक्स-रेवर बघूनच नक्की करतो. म्हणून ते कुणाच्या नजरेत आलं नाही. माझ्याही. पण आठ मिलिमीटरच्या किरणात दीड मिलिमीटर म्हणजे डोंगराच्या माथ्याऐवजी उतारावर उभं राहून उंची मोजणं. आणि त्या रविवारी मोटर बंद, म्हणून मी डायोड त्याच रेषांवर बसवला होता. फिल्मवर मात्र अख्खा ठिपका उमटतो, मध्य त्यातच दिसतो.

म्हणजे चेंबर कमी सांगत होता कारण तो मोठा आहे. डायोड कमी सांगत होता कारण तो मध्यावर नव्हता. दोघांच्या चुकांची कारणं वेगळी, पण चुका एकसारख्या. मी त्यालाच पुरावा समजले. पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलेलं असतं की बारीक किरणाचा मध्य किरणानेच शोधायचा, भिंतीवरच्या रेषांनी नाही. मी ते दुसऱ्यांना शिकवलंय.

०.६७ खरा असेल तर माझ्या आकड्याने भाभींना आठ-नऊ टक्के जास्त बसलं असतं. परवा.


सोमवार, २५ नोव्हेंबर

सकाळी पहिली गोष्ट केली ती सही मागे घेतली. कॉम्प्युटरमधला बारीक किरण बंद केला, मग डॉक्टरांकडे गेले.

"मॅडम, दोन डिटेक्टर जुळले होते ना?"

"जुळले होते. दोन्ही चुकीचे होते."

"आणि फिल्म बरोबर? तुम्हीच म्हणता फिल्मवर भरवसा नाही."

"अजून कुठलाच आकडा बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये. ०.६२ चूक आहे एवढंच म्हणतेय."

ते उभे राहिले. "शुक्रवारी तुम्ही सांगितलंत नजर उतरतेय, घाई करा. मी तीन फोन करून तारीख अलीकडे आणली. आज तुम्ही म्हणता थांबा. त्या बाईंना मी काय सांगू?"

"माझ्यामुळे थांबलं असं सांगा."

"तसं मी सांगणार नाही," ते चिडूनच म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या फोनवर डोळ्यांच्या डॉक्टरांचा अहवाल आला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला आणि फोन माझ्यासमोर धरला. डावा डोळा ऑगस्टमध्ये होता तसाच. तेव्हाच्या पहिल्या तपासणीसारख्याच तक्त्यावरच्या सगळ्या ओळी वाचल्या, एकही चूक नाही.

"मग कुर्ता?" त्यांनी विचारलं.

मी अहवालावरचं नाव तपासलं, भाभींचंच होतं.

"म्हणजे वेळ आहे," ते खुर्चीत बसले. पहिल्यांदाच टेकून. "किती हवा?"

"दोन रविवार."

भाभींना मीच सांगितलं. वाटलं चिडतील. म्हणाल्या, "पुढं गेला तर गेला. मी काय कपडे घेऊन पळत नाय. तू जेवलीस काय?"


बुधवार, २७ नोव्हेंबर

अख्खा दिवस कुणाशी कामापलीकडे बोलले नाही. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर जाऊन बसले. लोक जोडीने, घोळक्याने फिरत होते. एक लहान मुलगी पाण्यात खडा टाकून वर्तुळं मोजत होती.

मनात हेच की चोवीस तारखेला मी गेलेच नसते, किंवा ते पाकीट दमट समजून फेकून दिलं असतं, तर. मुंबईत चौघांपैकी कुणीतरी म्हणालं असतं, अगं मोटर बंद होती तर मध्य कसा शोधलास? चहा पिता पिता म्हणालं असतं. इथे तो प्रश्न विचारायलाही मीच. आणि मला तो सुचायला आठवडा लागला.


रविवार, १ डिसेंबर

वर्कशॉपवाल्याने केबलच्या पिना घासून, नवीन डाग लावून दिल्या. मोटर चालली. डायोड किरणातून आडवा-उभा हळूहळू सरकवला. आकडा चढतो, चढतो, मग उतरायला लागतो. जिथे सगळ्यात जास्त, तो मध्य. लाल रेषेपासून दीड मिलिमीटर.

तिथे डायोडने ०.६९ दिला. तीन टक्के कापले, ०.६७.

हसले नाही. दोन जुळले की काय होतं ते बघितलंय.


शुक्रवार, ६ डिसेंबर

मंगळवारी कोल्हापूरच्या एका हॉस्पिटलातल्या फिजिसिस्टशी फोनवर बोलले. ओळख नव्हती, नंबर शोधून काढला. सगळं सांगितलं, चुकीसकट. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे हिऱ्याचा डिटेक्टर आहे. एसटीने पाठवतो, रविवारी वापरा." पुढे म्हणाला, "मीही इथे एकटाच असतो. पुढच्या वेळी मोजायच्या आधी फोन करा ना." आज पार्सल आलं.

हिऱ्याचा डिटेक्टर म्हणजे कारखान्यात केलेला, टाचणीच्या टोकाएवढा हिऱ्याचा पापुद्रा. हिरा पाण्याशी बराच मिळताजुळता वागतो, त्यामुळे दुरुस्ती अगदी थोडी. हे दिशाला समजावत होते तर भाभी मागे उभ्या. आज कशासाठी आल्या होत्या, देव जाणे.

"हिरा? खरा?"

"खरा, भाभी. माझ्यासाठी नाही, मशीनसाठी."

"मशीनच्या बोटात घालतेस, मग तू का मोकळी फिरतेस?"

दिशा पोट धरून हसली. मीही हसले बहुतेक. भाभींनी पिशवीतून डबा काढला. "हे घे. आणि भागोजीला देऊ नको. मला सगळा कळतो."


रविवार, ८ डिसेंबर

हिरा, मध्य शोधून: ०.६७. दुपारनंतर टाकी रिकामी करून पुन्हा भरली आणि सगळं पहिल्यापासून केलं. ०.६७. चेंबरही पुन्हा लावला, मध्यावर. ०.६१च. पहिल्या रविवारी मोटर चालू होती, म्हणून तो पहिल्यापासून मध्यावरच होता, तो फक्त लहान जागेत मावत नव्हता.

डाव्या लेसरची पट्टी आवळून घेतली. सही केली.


गुरुवार, १९ डिसेंबर

पाचवी बैठक झाली. पाचही वेळा मी मशीनच्या खोलीबाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर उभी होते. डोकं जागेवर धरणाऱ्या जाळीच्या मुखवट्याखाली भाभी अजिबात हलल्या नाहीत. उठल्यावर गालावर जाळीची नक्षी. आरशात बघून म्हणाल्या, "हा डिझाइन नवीन हाय. दुपट्ट्याला चालेल." डॉक्टरांनी सांगितलं, नसेला काही झालंय का आणि गाठ थांबली का, ते तीन महिन्यांनी कळेल.

जाताना मला म्हणाल्या, "आता मी येणार नाय हितं रोज. तू ये."

बरं म्हटलं. हिरा कोल्हापूरला परत पाठवला.


रविवार, २६ जानेवारी २०२५

झेंडावंदनाला गेले. नंतर पेढे वाटले, मी माझा टेबलावर ठेवला, मुंग्या लागल्या. खानावळीच्या मावशींनी विचारलं, डबा अर्धा परत येतो, चव आवडत नाही का. म्हटलं चव चांगली आहे. चांगलीच आहे.

भाभींकडे जाणं झालं नाही. जाऊन काय बोलायचं? आणि त्या कुर्त्याचं विचारतील.


शुक्रवार, २१ मार्च

एमआरआय आला. गाठ वाढलेली नाही, किंचित आत बसलीय. डावा डोळा ऑगस्टमध्ये होता तसाच. नस शाबूत. डॉक्टर कागद घेऊन जिन्यावरून अक्षरशः उड्या मारत खाली आले आणि दारात थबकले, जणू काय म्हणायचं ते विसरले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी चिडलो होतो."

"मीही चिडले असते."

"नाही, तुम्ही चिडत नाही. तेच जरा अवघड जातं," ते म्हणाले, आणि निघून गेले. याचा अर्थ नीट कळला नाही.


रविवार, २३ मार्च

आज मोजायला काही नव्हतं. रमजान चालू आहे. दुपारी भाभींच्या घरावरून जाताना आतून शिलाई मशीनचा आवाज आला. गेले. खोलीभर ईदचे कपडे. चमकीचे, जरीचे, लहान पोरींचे फ्रॉक. भाभी उपाशीपोटी सुईत दोरा ओवत होत्या, बारीक सुई, एका फटक्यात.

"आलीस? बस. फ्रॉकवर बसू नको."

थोडा वेळ बसले. मग त्यांनी विचारलंच, "कुर्ता?"

आता डोळा बरा आहे, सांगायला हरकत नव्हती. म्हटलं, "भाभी, छान आहे, पण थोडा मोठा झालाय. तेव्हा तुमचा डोळा..."

मशीन थांबली. "मोठा? माझा?"

"थोडासा."

"मी नमुन्यावर शिवला. आणि म्हणून तर टाचण्या ठेवल्या होत्या, की घालून ये, बगते. चार महिने वाट बगते मी." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मागे नोव्हेंबरात कॉरिडॉरमध्ये बघितलं होतं तसं. "घरी जा. नमुन्यावर ठेवून बग. आणि संध्याकाळी घालून ये, रोजा सोडताना. पाव इंच जरी फरक गावला तर मी शिलाई सोडते."

घरी आले. पलंगावर आकाशी कुर्ता पसरला, त्यावर हिरवा. खांद्याला खांदा. बगलेला बगल. घेर, बाही, गळा. कुठेही दोऱ्याइतका फरक नाही.

दोन मापं जुळली. त्यावर विश्वास ठेवायची सवय मोडलीय माझी, म्हणून तिसरं माप घेतलं. आकाशी कुर्ता अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिले.

खांदे खाली ओघळले. बगलेत मूठभर कापड.

दादरला हाच अगदी बरोबर बसला होता. मग तो काढून हिरवा चढवला. पर्समध्ये त्या दोन टाचण्या सापडल्या, त्या हातात घेतल्या. मगरिबला, रोजा सुटायला, अजून थोडा वेळ आहे. निघते. भाभी वाट बघत असतील, आणि आज मला भूक लागलीय.